मुठीची उंची

"हलकं बी पाहिजे अन् वाकू बी नये म्हनत्यात," वेल्डिंगवाले काका शेजारच्या पंक्चरवाल्याला सांगत होते. मी बाबांच्या मागे उभी होते. सायकलच्या चाकावरचं, तण काढायचं कोळपं घेऊन कनेरगाव नाक्यावर आमची ही तिसरी खेप होती, आणि तिकडे सोयाबीन तणात चाललं होतं.

पहिल्यांदा दांड्याला पातळ पाइप घातला, तो वाकला. मग जाड घातला, तर आईला कोळपं ओळीच्या टोकाला वळवता येईना. काकांनी दोन्ही तक्रारी वाद न घालता ऐकल्या. ते एका जागी ठरत नाहीत. कानावर खडू ठेवून दुकानभर फिरतात, बोलता बोलता पाइप एका बोटावर तोलतात आणि मध्येच खाली ठेवून दुसरा उचलतात. आज त्यांनी पुन्हा पातळच पाइप घेतला आणि पहिल्या वेळी जिथे वाकला होता, तेवढ्याच जागी आतून दुसरा तुकडा बसवला. इंजिनिअरिंगची चार वर्षं करूनही मला हे सुचलं नव्हतं.

मग ते नेहमीसारखं बाबांना म्हणाले, "भाऊ, बराबर सरळ उभं ऱ्हा," आणि त्यांच्या छातीच्या उंचीवर मुठीसाठी खडूची खूण केली. मागच्या दोन्ही वेळी मी हे गप्प राहून पाहिलं होतं. घरी आई खांदे चोळत बसायची.

काकांनी कटर उचललं.

"थांबा काका," मी म्हणाले. "कोळपं आई चालवते. ती माझ्याएवढीच आहे. माझं माप घ्या."