स्लोव्हेनियाचे कार पार्क

स्लोव्हेनियात मी काय पाहिलं म्हणाल, तर सात कार पार्क पाहिले. कुठल्या कार पार्कला सावली आहे, कुठे टॉयलेटला नाणं टाकावं लागतं, कुठे मोठी गाडी लावायची म्हणजे दोनदा पुढेमागे करावं लागतं, काय वाट्टेल ते विचारा. तळ्याचं, किल्ल्याचं नि गुहेचं मात्र विचारू नका. डोंबल पाहिलंय मी ते.

मी तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. रिटायर झाल्यावर मुलाकडे मेलबर्नला आले, ग्लेन वेव्हर्लीला. चुनखडीचा प्रदेश हा माझा सगळ्यात आवडता धडा. पाणी जमिनीत कसं गडप होतं, नद्या डोंगराच्या पोटातून कशा वाहतात, छताला लोंबणारे नि जमिनीतून वर येणारे लवणस्तंभ थेंबाथेंबाने कसे वाढतात, हे फळ्यावर काढून काढून माझा हात इतका बसला होता की पोरांकडे तोंड करूनही मी गुहा काढायची. असल्या प्रदेशाला कार्स्ट म्हणतात, आणि ते नाव ज्या पठारावरून पडलं ते स्लोव्हेनियात आहे. मी शिकवायला लागले तेव्हा तो देशही नव्हता, युगोस्लाव्हियाचा एक कोपरा होता. तर मुलाने आणि त्याच्या युनिव्हर्सिटीतल्या मित्राने सहकुटुंब तिकडे जायचं ठरवलं, कारण म्हणे छोटा देश आहे, आठवड्यात कव्हर होतो, तेव्हा मी एकच मागणं मागितलं. बाकी काहीही गाळा, गुहा तेवढी ठेवा रे. मुलाने लॅपटॉपवर यादी केली होती, त्यात गुहा घातली आणि मला दाखवलीसुद्धा.

आम्ही सहा माणसं: मी, मुलगा, सून, नात, मित्र आणि त्याची बायको. बॅगा नऊ. रोज नवं गाव, म्हणजे सकाळी दहाला खोली सोडायची आणि पुढची खोली मिळणार दुपारी तीनला. मधल्या वेळात सगळं सामान गाडीत, मागच्या काचेपर्यंत रचलेलं. आणि मित्राने कुठेतरी वाचलेलं, टुरिस्टांच्या गाड्यांच्या काचा फोडतात.

पहिल्या दिवशी ल्युब्लियानात गाडी लावली आणि सगळे बॅगांकडे बघत उभे राहिले. तेव्हा मी म्हटलं, जा तुम्ही, मी बसते सामानापाशी.

घोडं इथेच पेंड खातं. आमच्यात मोठ्या माणसाने आधी नको म्हणायचं असतं. मग समोरचा म्हणतो, छे, असं कसं. मग आपण जरा बारीक आवाजात नको म्हणायचं. तिसऱ्यांदा आग्रह झाला की, बरं बाई, तुमच्या मनासाठी, असं म्हणून उठायचं. जेवणाचं पान असो, साडी असो की सहल, माझा जन्म यात गेला. मुलाला ऑस्ट्रेलियात अठरा वर्षं झाली. तो म्हणाला, शुअर ना आई? थँक्स हं. आणि गेला. तीन आग्रह जाऊ द्या हो, एकसुद्धा नाही. मी तोंड उघडं ठेवून पाठमोऱ्या पोराकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवसापासून कुणी विचारायच्या भानगडीतच पडेना. ती माझी नेमणूकच झाली. काकू आहेत, काही टेन्शन नाही, असं मित्राची बायको रोज म्हणायची, आणि वर भडंगाचा डबा माझ्या मांडीवर ठेवून जायची. गावोगाव शेतात गवत वाळवायचे लाकडी मांडव होते, वर कौलांचं छप्पर घातलेले. ते मी पळत्या गाडीच्या काचेतून बघितले, तेवढाच काय तो माझा ग्रामीण भाग. नऊ बॅगांत होतं काय, तर मळके कपडे आणि राइस कुकर. ते कोण चोरणार होतं?

पाचव्या दिवशी गुहा आली. मी सकाळीच शाल काढून ठेवली होती, आत गारठा असतो हे मलाच ठाऊक होतं. गाडी थांबली. मुलाने विचारलं, आई, येतेस ना? आणि माझ्या तोंडातून काय निघावं? सामानाकडे कोण बघणार मग? सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते हे. मला वाटलं, आज तरी म्हणेल, अगं तुझीच तर गुहा, चल. मित्र म्हणाला, काकू, आत पायऱ्याही खूप आहेत. मी रोज स्टेशनपर्यंत चालत जाऊन येते, हे त्याला काय माहीत. दार सरकलं, सगळे गेले. दोन तास मी मांडीवर शाल घेऊन बसले आणि रडले, खोटं कशाला सांगू. ज्या जमिनीबद्दल तीस वर्षं बोलले, तिच्यावर मी बसले होते, आणि पायाखाली ती गुहा होती.

परत आल्यावर एका रविवारी आर्वोला, म्हणजे इकडच्या भाषेत दुपारी, मित्राच्या घरी फोटो बघायला जमलो. हीटर लावलेला, मोठ्या टीव्हीवर फोटो, आणि त्याची बायको वडे वाढतेय. काकू, अजून एक घ्याच, अर्धा तरी, माझ्यासाठी. वड्याला तीनदा आग्रह. माझं डोकं तिथेच तापलं होतं.

गुहेचे फोटो आले. वरून लोंबणारा आणि खालून आलेला, असे दोन स्तंभ जोडले जाऊन झालेला खांब. नातीने विचारलं, हे कसं झालं? मी सांगितलं, अगदी वर्गात सांगायची तसं. मित्र खूश होऊन म्हणाला, "बघा, काकूंनी आत किती लक्ष देऊन ऐकलंय. गाइड हेच सांगत होता."

मी वडा खाली ठेवला. नात म्हणाली, "आजी वॉझन्ट देअर. शी वॉज इन द व्हॅन. शी वॉज ऑल्वेज इन द व्हॅन."

मग मुलगा म्हणाला, "अगं पण आई, तूच नको म्हणालीस ना?"

मला त्याचा संताप आला, कारण ते खरं होतं. मी नको म्हणाले होते. पण ज्या पोराला मी जन्मभर घास भरवताना तीन-तीनदा विचारलं, त्याला दुसऱ्यांदा विचारणं जड झालं, हेही खरंच होतं. आणि अख्ख्या वर्गाला हाताची घडी तोंडावर बोट करायला लावणारी मी, स्वतःच तोंडावर बोट ठेवून आठ दिवस हिंडले, त्याचा राग कुणावर काढू?

नातीला यातलं काही कळलं नव्हतं. तिने सरळ विचारलं, "आजी, डू यू वॉन्ट टू गो? यस ऑर नो?"

नको गं, या वयात कुठे, हे शब्द जिभेवर आलेसुद्धा. मी ते गिळले.

"हो," मी म्हटलं. "मला ती गुहा बघायचीय. मला पहिल्यापासून बघायची होती."

आवाज इतका चढला होता की मित्राची बायको ताट हातात धरून जागच्या जागी उभी राहिली. मुलगा मान खाली घालून बसला. मी त्याची समजूत काढली नाही.