पिवळे राहिलेले पाणी

शेततळ्यात पांढरी पोटे वर करून तरंगणारे ते मासे मी अजून विसरलेलो नाही. तेव्हा मी धाड गावच्या परिसरात ठाणेदार होतो. एका शेतकऱ्याने हौसेने मासे पाळले होते. त्या गावात असे करणारा तो पहिलाच. एका सकाळी सगळे मेले. त्याची फिर्याद लिहून घेत असतानाच निनावी फोन आला. शेजारच्या मळ्यात धुऱ्यालगत, म्हणजे बांधालगत, ऍसिडचा रिकामा कॅन पडला आहे, म्हणे.

कॅन मिळाला. पंचांसमक्ष पंचनामा केला, तळ्यातल्या पाण्याचे नमुने सील केले आणि शेजाऱ्याला ठाण्यात आणले. पन्नाशीचा, अंगाने किरकोळ माणूस. दोघांची विहीर सामाईक.

"कॅन तुमचा का?"

"हाव साहेब. ठिबकच्या नळ्या धुतल्या. टोकं उघडली, ते पाणी उतारानं त्याच्या तळ्यात गेलं. माह्याच हातून मेले जी ते मासे."

"मुद्दाम सोडलं?"

"नाही जी. पण मेले ते मेलेच ना. लिहून घ्या. मले जामीन बी नको."

बाहेर बाकावर फिर्यादी ऐकत होता. "एका विहिरीचं पाणी पेते अन् माह्या तळ्यात जहर सोडते," तो म्हणाला. "आता धुऱ्यावर तारच ओढतो."

पोलिसांपुढची कबुली न्यायालयात पुरावा ठरत नाही. ठाण्यात मात्र ती मिळाली की सगळ्यांना तपास संपल्यासारखे वाटते. मला तसे वाटेना. हा माणूस शिक्षा मागत होता.

आमचे बिऱ्हाड चिखलीला होते. माझी पत्नी तिथल्या शाळेत विज्ञान शिकवायची. चहा घेताना मी तिला हकिगत सांगितली.

"नळ्या ऍसिडने कशाला धुतात?" तिने विचारले.

"विहिरीच्या पाण्यातले क्षार बसतात. पांढरा थर धरतो."

"आणि तळे कुठल्या पाण्याने भरतात?"

"त्याच विहिरीच्या."

तिने कप खाली ठेवला. "उद्या मला बाटलीभर पाणी आणून द्या."

शाळेच्या प्रयोगशाळेत तिने दोन चंचुपात्रे घेतली. एकात शुद्ध पाणी, दुसऱ्यात तळ्यातले. दोन्हींत मिथिल ऑरेंज हे आम्लात लाल होणारे दर्शक घातले. दोन्ही पिवळी झाली. सौम्य आम्लाच्या पहिल्याच थेंबाने शुद्ध पाणी लाल झाले. तळ्याच्या पाण्यात एक लाल रेघ उमटली आणि ढवळताच विरली. ती थेंब टाकत राहिली. पाणी पिवळेच राहिले.

"याला बफर म्हणतात," ती म्हणाली. "ज्या क्षारांसाठी त्याने ऍसिड वापरले, तेच या पाण्यातही आहेत. ते आम्ल पोटात घेतात. त्यालाही मर्यादा असते, पण एवढ्या मोठ्या तळ्याची मर्यादा एका कॅनने गाठायची नाही. ठाणेदारसाहेब, तुमचा आरोपी रसायनशास्त्रात नापास आहे."

मग मासे कशाने मेले? मी फिर्यादीला पुन्हा बोलावले आणि आदल्या दिवसांचे विचारले.

"आभाळ होतं. सकाळी मासे वर तोंड काढून राह्यले होते. मले वाटलं, भुकेजले. मंग अजून खाद्य टाकलं."

"दुसऱ्या दिवशी?"

"अजून टाकलं. जनावर तोंड काऊन वर करते साहेब? भुकेपायीच ना."

मत्स्य विभागाच्या अधिकाऱ्याने उलगडा केला. ढगाळ हवा आणि तळाशी कुजलेले खाद्य यांमुळे पाण्यातला प्राणवायू संपला होता. मासे श्वासासाठी वर येत होते. पुढे सरकारी प्रयोगशाळेचा अहवालही तसाच आला आणि गैरसमजातून दाखल झालेला गुन्हा म्हणून प्रकरण बंद झाले.

ठाण्यात शेजाऱ्याला हे सांगितले, तेव्हा त्याने विचारले, "म्हणजे म्या नाही मारले?"

"नाही."

मग त्याने आपणहून चहा मागितला. फिर्यादी दारात घुटमळत होता. शेवटी म्हणाला, "चाल बे घरी. आज मोटरीची पाळी तुहीच हाय."

तार काही ओढली गेली नाही.

माझी पत्नी जाऊन आता वर्ष होत आले. रिकाम्या घरात माणूस स्वतःचाच जबाब नोंदवत बसतो. आधी दवाखान्यात नेले असते तर, मोठ्या शहरात नेले असते तर. त्याने काही फरक पडला नसता, असे डॉक्टरांनी समजावले तरी मन कबुलीवर अडून बसते. पण मनापासून दिलेली कबुलीही तपासून घ्यावी लागते, हे मी त्या प्रकरणात शिकलो आहे. मग तिचा तो थेंब टाकणारा हात आठवतो. लाल रेघ उमटते, थोडा वेळ राहते आणि विरते. पाणी अजून पिवळे आहे.