रद्दीला निघालेले खून

दौंडच्या आमच्या वाचनालयात गेल्या महिन्यात ठरलं, की रहस्यकादंबऱ्यांना एकच फळी मिळणार. ‘महत्त्वाच्या’ तेवढ्या ठेवायच्या, बाकी रद्दी. महत्त्वाच्या कोणत्या, हे ठरवणार अध्यक्ष, म्हणजे आमचे निवृत्त गुरुजी. मी पिशवी घेऊन तडक गेले.

फळीवर पुठ्ठा बांधणीच्या जाडजूड कादंबऱ्या विराजमान झाल्या होत्या. मी वाचनालयाला दिलेली माझी पातळ, खिशात मावणारी पुस्तकं खाली पोत्याशेजारी पडलेली.

“वहिनी, ह्या वरच्यांत समाजाचं दर्शन आहे,” गुरुजी म्हणाले. “तुमच्यांत नुसता खून. शिवाय फाटकी.”

फाटकी! अहो, आम्हीच फाडलीत ती. रेल्वे क्वार्टरमध्ये नवं पुस्तक आलं की कुणालाच दम निघायचा नाही. म्हणून एका पुस्तकाचे चार तुकडे करून चार घरांत वाटायचो आणि सगळ्यांचं वाचून झालं की दाभणानं शिवून टाकायचो. मी नवी नवरी, मला मधला तुकडा मिळायचा. तेवढ्यावर मी ऐटीत नळावर खुनी जाहीर करायची आणि दर वेळी तोंडावर पडायची. आमचे हे मालगाडीवर गार्ड. एकदा माझ्या तुकड्यात नेमका तोतया नवरा आलेला. हे ड्यूटी संपवून भर सकाळी दारात उभे, तर ही शहाणी आतून विचारतेय, “तुम्ही तेच कशावरून?” शेजारणीनं ओळख पटवली तेव्हा कडी काढली. ज्या पुस्तकानं नवऱ्याला दाराबाहेर उभं केलं, ते बिनमहत्त्वाचं?

“गुरुजी, तुमच्या जाड पुस्तकांची चिकटलेली पानंसुद्धा अजून कुणी सुटी केलेली नाहीत,” मी म्हटलं.

“रद्दीवाला दुपारी येतोय,” एवढंच उत्तर.

माझं डोकंच फिरलं. वाचकाच्या घरी असलेलं पुस्तक रद्दीत काढायचं नाही, हा नियम गुरुजींचाच. मी तिथूनच शेजारणीला फोन लावला, त्याच ओळख पटवणारीला.

“वाचनालयाची घरोघरची सगळी कार्डं घेऊन ये.”

“सुनंचंबी?”

“सगळी म्हटलं ना.”

“मग मालकांचंबी आणते. वाचत न्हाईत, पर कार्ड हाय.”

ती चार घरं फिरून आली. कार्डामागे एक पुस्तक. गुरुजी नोंदवत गेले, कपाळावर आठ्या घालून. शेवटी एक पुस्तक उरलं आणि आमची कार्डं संपली.

“गुरुजी, तुमचं कार्ड काढा.”

त्यांनी दाराकडे पाहिलं, कार्ड काढलं आणि पुस्तक घरी नेलं. पण वर्तमानपत्राचं कव्हर घालून! त्याचा राग मला अजून आहे.