आसरांच्या विहिरीतली फातिमा

पडदा वर जातो. समोर कोल्हापूरच्या वेशीबाहेरची, आकाराम पाटलाच्या मळ्यातली गोल विहीर. पाण्यालगतच्या कोनाड्यात शेंदूर फासलेले सात दगड: आसरा, पाण्यातल्या देवी. साल एकोणीसशे ब्याण्णव. काठावर गादीवाला गौस नदाफ उभा आहे, अंगभर कापसाची पिंज. त्यानं आपल्या अकरा वर्षांच्या मुलीच्या पाठीला वाळका भोपळा बांधला आणि दिलं ढकलून.

"अब्बा, मेले की!"

"मरतीस कशानं? हात मार! आन् उजवं घाल, उजवं!"

उजवं घालायचं म्हणजे प्रदक्षिणा. त्या विहिरीत पोहायचं तर सतत उजवीकडं वळत, गोल. उलटं फिरलं की आसरा पाय ओढतात, असं मळ्यातलं शेंबडं पोरसुद्धा सांगायचं. फातिमानंही ते पाळलं. विहीर सगळ्यांची, तर तिचा रिवाजही सगळ्यांचा.

नाटक कंपनी बंद पडल्यावर मला सकाळी उद्योग नव्हता. मी पायरीवर बसून तिच्या फेऱ्या मोजायचो. शंभर, दोनशे, तीनशे. गौसची कापूस पिंजायची धनुकली जशी एका लयीत वाजे, तसे तिचे हात चालत. मला ती मामा म्हणे. सहा वर्षं मी ते पाहिलं आणि एक गोष्ट मला दिसली नाही, याचा राग आजही माझा माझ्यावर आहे.

अठ्ठ्याण्णव साली जिल्ह्याची निवड नदीच्या घाटावर झाली. फातिमा पहिली आली. नदीत प्रवाहच माणसाला ओढतो, तिथं वाकडं पोहणं कुणाच्या ध्यानात येणार? हार पडले, फोटो निघाले. आठ दिवसांनी पुण्याला राज्याच्या संघाची चाचणी होती. पन्नास मीटर, सरळ, तलावात. सतराव्या वर्षी ती शेवटचीच संधी, पुढच्या साली वय उलटणार होतं. आणि पोरीनं तलाव कधी पाहिलाही नव्हता.

शहरातल्या एका क्लबाचा तलाव होता. निळ्या फरश्या, पाण्यात सरळ ताणलेल्या दोऱ्या. मी तिला घेऊन सेक्रेटरीकडं गेलो. याच गृहस्थानं घाटावर तिच्या गळ्यात हार घातला होता.

"मेंबर आहे का?" त्यांनी विचारलं.

"आठच दिवस हवेत, साहेब. पहाटे, कुणी नसताना."

"विहिरीतली माणसं आमच्या मेंबरांना चालत नाहीत हो. तुम्ही कलावंत. समजून घ्या."

समजून घ्या! जन्मभर मी रंगभूमीवर दुष्टांची कामं केली, पण इतका गोड आवाज मला कधी काढता आला नाही. तलाव त्या आठही दिवशी पहाटे रिकामा होता. मी रोज फाटकाशी जाऊन बघून आलो.

गौसला लग्नसराईच्या गाद्या सोडून निघता येईना, म्हणून पुण्याला मी गेलो. शिट्टी झाली. पोरगी अशी सुटली की माझ्या शेजारचा माणूस उभाच राहिला. वीस मीटरला ती अंगभर पुढं. तीस मीटरला तशीच पुढं. आणि मग मला दिसलं. ती उजवीकडं कलत होती. सहा वर्षांची विहीर तिच्या खांद्यात होती, ती तिला वळवत होती. पस्तीस मीटरला ती सैल दोरीखालून पलीकडं गेली आणि शेजारच्या मुलीच्या हातावर आदळली.

"बाद!" पंच ओरडला. ती वर आली तसा म्हणाला, "काय गं, प्रदक्षिणा घालत होतीस का?"

"व्हय की," फातिमा धापा टाकत म्हणाली. "आसरांना."

अख्खा तलाव हसला.

"मग जा तुझ्या विहिरीत!" पंच म्हणाला. "बेडकी कुठली."

हसा! आठ पहाटांसाठी एक फाटक उघडलं असतं, तर हे हसू कुणाच्या तोंडून फुटलं नसतं. तिची सारी कारकीर्द पस्तीस मीटरांची. ती पाण्यात बुडाली नाही, आपल्या गावच्या गोड बोलण्यात बुडाली. पुढं सेक्रेटरी रस्त्यात भेटले, म्हणाले, "अरेरे, नशीब!" मी नमस्कार केला नाही. पाया पडून वाढलेला माणूस मी, पण नाही केला.

फातिमा बापाच्या दुकानात गाद्या शिवू लागली आणि सकाळी विहिरीत मळ्यातल्या पोरींना पोहायला शिकवू लागली. दोन हजार चार साली आकारामची पुतणी दीप्ती त्याच चाचणीला निघाली. क्लबाचं फाटक अजून तसंच बंद. पंधरा दिवस आधी फातिमानं दीप्तीला पाण्यात उलटं फिरवलं. डावीकडं.

आकारामची आई झुंबरबाई आसरांना दिवा लावायला उतरत होती. ती पायरीवरच थांबली.

"ए फाते! पोरगी उलटी फिरतीया! डोळं फुटलं व्हय तुजं?"

"मीच फिरवतीया, आज्जी. एक दिस उजवं, एक दिस डावं. तवा खांदा सरळ हुतो."

"आन् आसरा कोपल्या म्हंजे? तुजं काय जातंय? देव आमचं हाईत!"

दीप्ती जागच्या जागी पाय मारत राहिली. झुंबरबाईनं "बाहीर हो" म्हटलं असतं तर विहीर फातिमाला बंद होती आणि दीप्तीही पुण्यात फातिमासारखीच दोरीखालून जाणार होती. मी उठलो. फातिमानं पाण्यातूनच हात करून मला खाली बसवलं, आणि म्हणाली:

"सहा वर्सं उजवं घातलं, आज्जी, तवा देव माजंबी हुतं. पुण्यात बाद झाले, तवा एकटी मीच झाले, देव न्हाई. आता पोरीची डावी बाजूबी बघू द्या की तुमच्या आसरांना!"