पहिल्या रांगेतली झोप

लालबागला आमच्या चाळींच्या पुनर्विकासाविरुद्ध दर रविवारी सकाळी पटांगणात सभा होते. मी तावातावाने बोलते. पहिल्या रांगेत मागच्या चाळीतले एक काका असतात. त्यांचं नाव मला अजून ठाऊक नाही. ते चपला काढतात, चष्मा खिशात ठेवतात, आमचं पत्रक डोळ्यांवर पांघरतात आणि माझ्या दुसऱ्या वाक्याला घोरू लागतात.

एकदा मी चिडलेच. "काका, लोकांची घरं जातायत आणि तुम्ही झोपता?"

"रागावू नको गो पोरी. घर जाईल या धास्तीनेच रात्रभर छाती धडधडते, डोळ्याला डोळा लागत नाय. इथे तू माझ्या वाटणीचं भांडतेस ना, म्हणून काळजी तासभर तुझ्याकडे ठेवायला देतो."

माझ्या भाषणाला याहून मोठी दाद कधी मिळाली नव्हती.

पुढच्या रविवारीही ते घोरत होते. सभेच्या शेवटी आम्ही घोषणा देतो आणि तेव्हाच ते दचकून जागे होतात. या वेळी मी माईक बंद केला आणि ओठांवर बोट ठेवलं. अख्ख्या पटांगणाने मुठी उंचावल्या आणि कुजबुजत घोषणा दिली, "आमची घरं आमचीच!"