पिवळं न झालेलं पाणी

वहिनीचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. "हे गेले गं," एवढंच ती म्हणाली आणि कोणीतरी तिच्या हातातून फोन घेतला. त्याला आता दीड महिना होत आला. मोहनदादा, माझा मोठा भाऊ, पंचवटीतल्या एका शाळेत उभी हयात विज्ञान शिकवणारा मास्तर. भेटायला आलेली माणसं त्याच्या शिकवण्याबद्दल भरभरून बोलत होती आणि मी मान डोलावत होते. एका गोष्टीबद्दल मात्र कोणीच बोललं नाही. दादाने ती कधी लपवली नव्हती. लपवायची होती ती आम्हा घरच्यांना...

शाळा सुटली की दादा पक्षाचा. सभा, सतरंज्या, घरोघरी फिरणं, सगळं मनापासून. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला शहराचा कारभार समोरच्या पक्षाकडे होता आणि एका उन्हाळ्यात आमच्या गल्ल्यांमध्ये घरटी कावीळ निघाली. दादाने नळाचं पाणी बाटलीत भरलं, शाळेच्या प्रयोगशाळेतलं औषध आणलं आणि चौकात सगळ्यांसमोर त्याचे थेंब टाकले. पाण्यात क्लोरिन असेल तर ते पिवळं होतं. झालं नाही. तिथूनच मोर्चा निघाला. समोरच्या पक्षाचा आमच्याकडचा माणूस म्हणजे रामनाथ, दादाचा बालपणीचा वर्गमित्र. नदीच्या वरच्या अंगाला त्याचा भाजीचा मळा, घर मात्र आमच्याच गल्लीत. तो दारोदार सांगत फिरला की कावीळ उघड्यावरच्या खाण्याने होते, लोक हात धूत नाहीत, उसाचा रस पितात, नळाचा काय संबंध? दादा घरी येऊन त्याची नक्कल करायचा. पक्षापायी माणूस डोळे कसे मिटून घेतो, हे आमच्या मुलांना त्याने रामनाथचंच उदाहरण देऊन समजावलं होतं.

पुढे काही वर्षांनी दादाचा पक्ष निवडून आला. आम्ही गुलालाने माखलो, पेढे वाटले. त्यानंतरच्या एका उन्हाळ्यात पुन्हा कावीळ आली. एके सकाळी रामनाथ पाण्याची बाटली घेऊन दादाच्या दारात उभा राहिला. मी तिथेच होते. "मास्तर, तुझं ते औषध टाकून बघ की यात," तो म्हणाला. दादाने बाटली हातातसुद्धा घेतली नाही. ती आधी धुतली होती का, पाणी कुठल्या नळाचं, तुला कोणी पाठवलं, निवडणूक जवळ आली म्हणून आत्ताच कशी कावीळ दिसली, एकामागून एक प्रश्न. एरवी हेच प्रश्न एखाद्या शास्त्रज्ञाला शोभले असते. त्या दिवशी ते फक्त थेंब टाकायला लागू नयेत म्हणून होते. रामनाथ बाटली घेऊन परत गेला. त्याच आठवड्यात वॉर्डाच्या सभेत दादा उभा राहून म्हणाला की लोकांनी हात धुवावेत, पाणी उकळावं, उघड्यावरचं खाऊ नये, उगाच नळाला दोष देऊ नये. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. ही वाक्यं कोणाची होती, हे त्या मंडपात एकालाही आठवलं नाही... की आठवलं आणि आम्ही गप्प बसलो?

रामनाथची सून सुनंदा. लग्नाआधी दादाच्याच वर्गात होती, प्रयोगवहीत सुबक आकृत्या काढायची. तिला सातवा महिना लागला होता. कावीळ झाली आणि चार-पाच दिवसांत ती गेली, पोटातल्या बाळासकट. अशा दिवसांत ही कावीळ बाईला सोडत नाही, असं डॉक्टर म्हणाले.

बातमी आली तेव्हा दादा जेवत होता. तो ताटावरून उठला, स्वयंपाकघरातल्या नळाखाली एक पेला धरला आणि शाळेतून आणलेलं औषध कपाटातून काढलं. ते तिथेच होतं, इतके दिवस. थेंब टाकले. पेला उजेडात धरून तो बराच वेळ उभा राहिला. पाणी पिवळं झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो मळ्यावर जायला निघाला, मी सोबत गेले. रामनाथ बांधावर बसला होता. दादाने सांगितलं की पाणी पाहिलं, तुझं बरोबर होतं. रामनाथ कोथिंबिरीच्या वाफ्याकडे बघत म्हणाला, "आमचं राज असतं तर मी बी तेच बोललो असतो, मास्तर. मागं बोललोच व्हतो की." त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर दादाला सोपं गेलं असतं.

नंतर दादाने त्याच चौकात, आपल्याच पक्षाच्या लोकांसमोर, पुन्हा पाण्यात थेंब टाकले. या खेपेला फार थोडी माणसं थांबली. त्याला सभांची बोलावणी येईनाशी झाली, काहींनी तर तो फुटला म्हणून सांगितलं. मी त्याच्यावर चिडले होते. घरातली गोष्ट चौकात कशाला न्यायची, असं मी त्याला म्हटलं. त्यावर तो म्हणाला, "सुनंदा घरातली नव्हती का?"

तेव्हापासून त्याला एक सवय लागली. आमच्या बाजूचं काही चांगलं कानावर आलं किंवा समोरच्यांचं काही वाईट, की तो विचारायचा, "आणि हेच उलट असतं तर?" जेवताना, लग्नाच्या मांडवात, अगदी शेवटी दवाखान्यातल्या खाटेवरसुद्धा. आम्ही कंटाळायचो. मुलं त्याच्यामागे हसायची. रामनाथ तेवढा कधी हसला नाही. तो अधूनमधून भाजी घेऊन यायचा आणि दोघं ओट्यावर बसून राहायचे.

परवा पेपरात आमच्या पक्षाच्या एका माणसाबद्दल वाईट छापून आलं. अर्धी बातमी वाचून होते न होते तोच माझ्या मनात उत्तरं तयार झाली होती. हे छापणारा कोणाचा आहे, आत्ताच का छापलं, समोरच्यांनी काय कमी केलं... एकेक उत्तर असं चटकन आलं की जणू ते आधीपासून आत ठेवलेलंच होतं. मग दादाचा तो प्रश्न आठवला. मी बातमीतलं नाव बदलून समोरच्यांचं घातलं आणि पुन्हा पहिल्यापासून वाचली. एका अक्षरावरही शंका आली नाही. स्वयंपाकघरात मी एकटीच होते, तरी मान वर करवेना.