तक्रार न आलेले कूलर

नववीत शाळा सुटली. पुढे इकडेतिकडे करत रत्नागिरीकडून थेट नागपूरला येऊन पडलो. प्रताप नगरातल्या कूलर-दुरुस्तीच्या दुकानात काम मिळालं. ओळखपाळख नसताना मालकांनी मला ठेवून घेतलं, दुकानामागची खोली दिली, दुपारचा डबाही त्यांच्याच घरून यायचा. हे मी विसरत नाही. त्यांना मी काका म्हणायचो.

त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं की पाऊस लागला की कूलरचं काम बंद, मग फ्रिज आणि वॉशिंग मशीनसाठी एकच माणूस पुरतो. आम्ही होतो दोघं.

दुसरा नागपूरजवळच्या कोराडीचा. बसने यायचा, बहुतेक उशिराच. मी टाकीतलं शेवाळ खरवडायचो, जाळीच्या कोपऱ्या-कोपऱ्यांत बोटांनी दाबून नवं गवत भरायचो. तो वरवर भरून गिऱ्हाइकाच्या घरातल्या आजोबांशी क्रिकेटवर बोलत बसायचा.

"अबे, इतकं ठासून काहून भरून राहिला? कूलर हाय, गादी नाही," तो म्हणायचा.

मला हसू यायचं नाही. राहणार कोण, हेच डोक्यात फिरत असायचं. आई फोनवर म्हणायची, "मनापासून कर, कशाला कोण काढील तुला?" मलाही तसंच वाटायचं.

त्याने बसवलेले कूलर आठवड्यात गळायला लागत. परत बोलावणं येई. तो जाई, चहा घेई, गळती काढता काढता त्या घरचा मिक्सरही बघून देई. त्याच्या तक्रारी वाढताहेत म्हणून मला आतून बरं वाटायचं.

पाऊस लागला, कूलर उतरले. काकांनी मला समोर बसवलं.

"तुया कामाची एकबी तक्रार नाही आली गा."

"मग मलाच ठेवा ना, काका."

ते स्क्रूचा डबा उगाच हलवत राहिले. "लोकाइचा फ्रिज बिघडला का फोन येते, त्या कोराडीवाल्या पोट्ट्याले पाठवा म्हणून. तुले कोनी वळखतच नाही. एकडाव जाऊन आला का पुन्हा तुले बलावाचं कामच पडत नाही. मी तरी का करू, सांग."

ते खोटं बोलत नव्हते. माझ्यासमोरच त्यांनी फोन लावला आणि कोराडीच्या एका खानावळीत माझ्या कामाची सोय केली. एवढं तरी कोण करतं?

आईला सांगितलं की काकांना माझं काम आवडलं म्हणून चांगल्या जागी पाठवलंय. ती म्हणाली, "बघ, मी सांगत नव्हते?"

इथे मी टेबलं पुसतो. इथल्या वीजकेंद्राची राख येऊन बसते, की पुन्हा पुसतो. इथूनही काढतील अशी धास्ती असतेच. म्हणून परवा एका गिऱ्हाइकाशी मुद्दाम बोलायला गेलो. विचारलं, "जेवण कसं झालं?"

"झालं," तो म्हणाला आणि हात धुवायला उठला. मी त्याचं टेबल पुसायला घेतलं.